वाचकांचे प्रश्न : पहिली संधी कोण देते?

प्रश्न : मला दोन मुली आहेत. थोरली दोन वर्षांपासून महाविद्यालयाच्या एकांकिकेत काम करते आणि पुढे अभिनयच करायचा म्हणते. धाकटी अकरा वर्षांची आहे. काकांबरोबर येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जाऊ लागल्यापासून तिला दुसरे काही सुचत नाही. आमच्या घरात यांपैकी कशाचीच परंपरा नाही. या क्षेत्रांत नाव मिळवलेल्या स्त्रियांची सुरुवात ओळखीवाचून किंवा नशिबावाचून झाली आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या दोन्ही मुलींच्या वाटांत एक मोठा फरक आहे आणि तो आधी लक्षात घ्यावा, असे मला वाटते. अभिनयात पहिली संधी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. गोल्फमध्ये ती स्कोअरकार्डावरच्या आकड्यांनी मिळते. त्यामुळे ‘नशीब’ हा शब्द दोघींच्या बाबतीत सारख्याच अर्थाने वापरता येणार नाही.

स्मिता पाटील यांचेच उदाहरण घ्या. त्या पुण्यात जन्मल्या, इथल्याच शाळेत शिकल्या, पुढे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागल्या आणि तिथे श्याम बेनेगल यांच्या नजरेत आल्या. ही गोष्ट नेहमी योगायोग म्हणून सांगितली जाते. परंतु कॅमेऱ्यासमोर स्थिर बसून, शब्द न अडखळता, पाहणाऱ्याशी बोलावे तशी बातमी सांगण्याची सवय त्यांना चित्रपटात येण्यापूर्वीच झाली होती, हे आपण विसरतो. १९७५मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले आणि १९७७च्या ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस होते. बेनेगल यांची नजर पडली हे खरे, पण नजर पडावी अशा जागी त्या आधीच काम करत होत्या.

सुरुवात चुकली तर सारे संपते, ही भीतीही मनात नसावी. दुर्गाबाई खोटे यांनी घरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर १९३१मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात छोटी भूमिका स्वीकारली. प्रतिष्ठित घरातील, शिकलेल्या स्त्रीने पडद्यावर यावे हेच तेव्हा लोकांना सहन होत नव्हते. त्यात तो चित्रपटही हलका निघाल्याने त्यांची फार मानहानी झाली. तरीही व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांना तारामतीची भूमिका दिली आणि १९३२च्या त्या चित्रपटाने त्यांचे आयुष्य पालटले. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, हे आपणास ठाऊक असेलच.

थोरलीच्या दृष्टीने पुण्याइतके अनुकूल शहर क्वचितच सापडेल. १९६३पासून चालत आलेली महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आणि विद्यापीठाचे ललित कला केंद्र इथेच आहे. मुक्ता बर्वे त्याच केंद्रात शिकल्या. थोरलीला तालमीला जाऊ द्यावे, आणि पदवीही पूर्ण करू द्यावी, कारण भूमिका मिळेपर्यंतचा काळ किती लांबेल हे तिच्या हाती नाही.

गोल्फविषयी आपली चिंता मला अधिक समजते. हा खेळ खर्चिक आहे आणि त्याची मैदाने मोजकीच आहेत. पण घरात परंपरा नसणे ही अडचण मानू नका. बंगळूरच्या अदिती अशोक यांच्या घरातही कोणी गोल्फ खेळत नव्हते. मैदानाजवळच्या उपाहारगृहात न्याहारीला जाता जाता त्या लहान वयातच या खेळाकडे ओढल्या गेल्या. हौशी स्पर्धांत बरीच वर्षे खेळून, सतराव्या वर्षी युरोपातील महिला टूरची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची, पात्रता स्पर्धा जिंकून त्या २०१६च्या आरंभी व्यावसायिक झाल्या आणि त्याच वर्षी भारतातील महिला खुली स्पर्धा जिंकल्या. त्या टूरवर विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. इथे कोणी त्यांना ‘शोधले’ नाही, त्या पात्र ठरल्या. म्हणूनच धाकटीला व्यावसायिक करण्याची घाई नको, कारण तो दर्जा एकदा घेतला की हौशी स्पर्धांची दारे बंद होतात आणि कोवळ्या वयात शिकण्याची जागा तीच असते.

मूल बुजरे असेल तर तेही आड येत नाही. स्वीडनच्या गोल्फपटू आनिका सोरेनस्टाम लहानपणी बक्षीस समारंभात बोलावे लागू नये म्हणून शेवटचे फटके मुद्दाम चुकवून दुसऱ्या क्रमांकावर राहत. त्याच पुढे १९९५मध्ये अमेरिकन महिला खुली स्पर्धा जिंकल्या आणि एलपीजीए या अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या टूरवर त्यांनी एकूण ७२ विजेतेपदे मिळवली.

राहिला प्रश्न ओळखीचा. काकांनी मैदान दाखवले, एवढी ओळख पुरेशी आहे. त्यापुढे लागतो तो घरच्यांचा वेळ. अदिती यांच्यासाठी रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्या वडिलांनी कॅडी, म्हणजे खेळाडूचा मदतनीस, म्हणून काठ्यांची पिशवी उचलली होती आणि टोकियोत आईने. टोकियोत त्या चौथ्या आल्या, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. येत्या रविवारी काकांऐवजी आपण धाकटीबरोबर येरवड्याला जावे, अशी माझी विनंती आहे.