चार वाचनं एका सूत्रात बसत नाहीत, कारण…

प्रश्न असा आहे: रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरीप्रमाणे (रविवारच्या उपासनेत वाचायच्या बायबल-उताऱ्यांची अ, ब, क अशी तीन वर्षांची वाचनमाला) वाचनं सुरू केली, पण जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान यांचा एकमेकांशी मेळ लागत नाही. चुकतंय कुठे?

बहुतेकदा चूक अपेक्षेत असते. आगमनकाळ (नाताळपूर्वीचा काळ), नाताळ, लेंट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) या काळांत वाचनं एकमेकांना धरून निवडलेली असतात. पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर येणाऱ्या, पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या) लांबलचक काळात मात्र पत्र स्वतःच्या चालीने पुढे जातं. वर्ष अ मध्ये रोमकरांस पत्र कित्येक आठवडे सलग चालतं, त्याला त्या रविवारच्या शुभवर्तमानाशी ओढूनताणून जोडू नका. प्रवचन फिकं पडतं ते या ओढाताणीमुळेच.

याच काळात जुन्या कराराचे दोन मार्ग दिलेले आहेत. एकात उताऱ्यांचा शुभवर्तमानाशी संबंध असतो, दुसऱ्यात कथा जवळजवळ सलग जाते: वर्ष अ मध्ये उत्पत्तीपासून, ब मध्ये शमुवेल आणि दावीद, क मध्ये संदेष्टे. एक मार्ग धरा आणि पूर्ण हंगाम त्यावरच राहा. स्तोत्रही त्याच मार्गाचं घ्या, कारण स्तोत्र हे पहिल्या वाचनाला मंडळीने दिलेलं उत्तर असतं. एका मार्गाचं वाचन आणि दुसऱ्याचं स्तोत्र घेतलं की उत्तराला प्रश्नच उरत नाही. स्तोत्र सर्वांनी मिळून गावं किंवा आलटून पालटून म्हणावं. एकट्या वाचकाने चौथा उतारा म्हणून वाचू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पुनरुत्थानकाळात पहिलं वाचन जुन्या कराराऐवजी प्रेषितांच्या कृत्यांतून येतं, तो छपाईचा दोष नव्हे.

वर्ष ओळखायला सन 3 ने भागा. बाकी 1 आली तर अ म्हणजे मत्तय, 2 आली तर ब म्हणजे मार्क, पूर्ण भाग गेला तर क म्हणजे लूक. त्यामुळे 2026 हे अ. पण वाचनमालेचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं, म्हणून डिसेंबरात पुढच्या सनाचा हिशेब धरा. योहानाला वेगळं वर्ष नाही. त्यातली वाचनं तिन्ही वर्षांत विखुरलेली आहेत. ब मध्ये तर सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो.

वाचकाला उतारा आधी द्या. तो मधूनच सुरू होत असेल तर “तो म्हणाला” ऐवजी “येशू म्हणाला” असं वाचायला सांगा. मधली वचनं वगळलेली असतील तर तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, नाहीतर वाचक सरळ पुढे वाचत जातो. स्तोत्राचा क्रमांकही पडताळा: ग्रीक परंपरेच्या पवित्र शास्त्रात बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकने मागे असतो.