उतार शिकून मग फेरीला नीघ

चिपळूण

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. गुहागरच्या पुळणीवर रोज पहाटे पंधरा किलोमीटर धावणाऱ्या मुलाच्या मनात आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वताभोवतीची फेरी भरली, याचे मला नवल वाटले नाही. तुझ्या वयात मलाही समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे पळावेसे वाटे. मात्र पत्रात तू प्रत्येक खिंडीची उंची नोंदवली आहेस आणि उतारांविषयी एक ओळही लिहिलेली नाहीस, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

ही वाट सुमारे १७० किलोमीटरची असून फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून फिरून मूळ ठिकाणी येते आणि तिच्यातील चढांची बेरीज सुमारे १०,००० मीटर भरते. निघालो तेथेच परत यायचे असल्यामुळे जितके चढायचे तितकेच, मीटरला मीटर, उतरायचेही असते. चालणारे लोक यासाठी दहा-अकरा दिवस घेतात, तर ऑगस्टअखेरीस भरणाऱ्या शर्यतीत हीच फेरी साडेशेहेचाळीस तासांत पुरी करावी लागते. तू शर्यतीच्या मागे न लागता डोंगरातील मुक्कामघरांत राहत पाच दिवसांत धावणार आहेस, हा निर्णय मला पसंत आहे.

उंचीची तुला वाटणारी धास्ती मी समजू शकतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे, तर तेथील ग्राँ कोल फेरे ही खिंडच २,५३७ मीटरवर आहे, आणि तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांशावर येतो. दम लागेल, नाडी जलद चालेल. परंतु मुक्काम बहुतेक खालच्या गावांत असतात, आणि उभ्या चढावर जगातील नामवंत धावपटूसुद्धा गुडघ्यांवर हात टेकून किंवा काठ्या रोवून चालतच जातात, त्यामुळे चढ माणसाला थकवतो खरा, पण सहसा मोडत नाही. डोके दुखून मळमळू लागले तर मात्र वर जाऊ नकोस, एवढे पथ्य पुरे आहे.

मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार झेलत असतानाच ताणला जातो, त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिचे दुखणे त्या दिवशी न जाणवता एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. माझ्या वेळी मी चार दिवसांत फेरी उरकण्याच्या घाईत पहिल्याच दिवशी ले शापिऊ या वस्तीपर्यंत गेलो आणि शेवटचा सुमारे ९०० मीटरचा उतार शीळ घालत, टाचा आपटत धावलो. दुसऱ्या दिवशी कोल द ला सेन्य ही २,५१६ मीटरची खिंड ओलांडून इटलीतील कूर्मायर गावाच्या माथ्यावरील झाडीतील धुळीची, वळणावळणांची उभी वाट उतरलो, तेव्हा गुडघे कुरकुरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मला हॉटेलचा जिना उलट्या पावलांनी, कठड्याला धरून उतरावा लागला. छातीत दम भरपूर शिल्लक होता, पण पाय संपले होते.

पुळणीवरच्या धावण्याने पोटऱ्या बळकट होतात, पण वाळू धक्का गिळून टाकते, म्हणून उतार ती शिकवू शकत नाही. सुदैव असे की स्नायूला एकदा नीट उतरवले की पुढचे काही आठवडे तो तशा माराला पुष्कळ कमी दुखावतो. तेव्हा निघण्यापूर्वीचे तीन महिने दर दहा दिवसांनी एक लांब उतार पायांखालून घाल. आरंभ गावातल्या जांभ्याच्या पाखाडीपासून कर, मग खेडजवळच्या रसाळगडावर ये, आणि पाय तयार झाले की रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही तिन्ही गडांची रांग एका दिवसात कर. सुमारगडाची वाट रानात हरवते, म्हणून पायथ्याच्या वाडीतला माहीतगार माणूस बरोबर घेतल्याशिवाय तिकडे फिरकू नकोस. उतरताना पावले आखूड आणि झटपट पडू देत, पाऊल शरीराच्या पुढे फेकण्याऐवजी त्याच्या खालीच पडू दे, आणि नजर पायांवर न ठेवता चार-पाच पावले पुढच्या घसाऱ्यावर ठेव. (हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती कडा चढून गेली असे कोणी सांगत नाही, ती उतरली म्हणूनच तिचे नाव बुरुजाला मिळाले.) पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र धावू नकोस, नुसता चाल.

दुसरी गोष्ट थंडीची, आणि येथे कोकणी माणूस हमखास फसतो. आपला पाऊस उबदार असतो, जूनमध्ये नखशिखांत भिजून दोन तास धावले तरी आपल्याला काही होत नाही, आणि ही सवयच तेथे जिवावर बेतू शकते. दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथ्याच्या शामोनी गावात वीस अंश असताना खिंडीत दहाच असतात, आणि ओल्या कपड्यांवर वारा लागला की तेवढेही जाणवत नाहीत. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि वादळी वारा आला आणि १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून मरण पावले. त्यांत नाणावलेले धावपटूही होते, आणि अनेकांच्या अंगावर अर्धी विजार आणि पातळ सदराच होता. एका मेंढपाळाने सहा जणांना वाचवले, कारण त्याच्याजवळ निवाऱ्याची जागा आणि जाळ होता. म्हणून टोपीचे जलरोधक जाकीट, तशीच पँट, लोकरी थर, हातमोजे, तगण्यासाठीची चंदेरी चादर, दोन हेडलॅम्प आणि शिट्टी हे सामान आकाश निरभ्र असले तरी पाठीवर असलेच पाहिजे, आणि जाकीट भिजण्यापूर्वी घालायचे असते. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, असा तेथील संकेत आहे. मदतीचा क्रमांक ११२ आहे. बचावकार्याचा विमा न काढता जाऊ नकोस, कारण स्वित्झर्लंडमधील हेलिकॉप्टरचे बिल तुझ्या वडिलांच्या आंब्याच्या एका हंगामाला परवडणारे नाही.

विजांचा हिशेब तुला वेगळा शिकवायला नको. परतीच्या पावसात दुपारनंतर सड्यावर उभे राहू नये हे तुला आजीने सांगितलेच असेल. तेथे उन्हाळाभर तोच प्रकार दुपारनंतर होतो, म्हणून पहाटे निघून खिंडी दुपारच्या आत ओलांड. खाण्याबाबत एवढेच सांगतो की थंड, कोरड्या हवेत घाम आणि तहान जाणवत नाहीत, तरी घड्याळ पाहून दर अर्ध्या तासाला थोडे खाणे आणि पाणी पोटात जायलाच हवे. धावताना चोखायचे गोड जेल नकोसे झाले की मीठ घातलेली पेज आठवेल, पण ती तेथे मिळणार नाही, म्हणून मुक्कामघरातले खारट सूप आवडून घे.

आता ज्या कागदाशिवाय मी तुला तिकीट काढू देणार नाही, त्या कागदाकडे येतो. फेरीच्या वाटेवर अर्धे अंतर गेल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते, म्हणून ती कोठे सोडता येते हे घरी बसूनच लिहून काढावे लागते. ले कोंतामीनहून बस आहे, त्यानंतर कूर्मायरपर्यंतचा टप्पा सर्वांत एकाकी आहे, ला फूलीहून पुन्हा बस आहे, आणि वालोर्सिनला शामोनीची रेल्वे मिळते. कूर्मायर हे त्यांतले सर्वांत शहाणे ठिकाण, कारण पायी सुमारे ऐंशी किलोमीटर वळसा घालून तू जेथे पोहोचतोस, तेथून डोंगराच्या पोटातील ११.६ किलोमीटरच्या बोगद्यातून बस तासाभरात शामोनीला आणून सोडते. त्या बसमध्ये मी बसलो होतो. खिडकीबाहेर काळोखाशिवाय काही नव्हते आणि लाजही वाटत होती, पण त्याच गुडघ्यांनी मी पुढच्या आठवड्यात घरचा जिना सरळ उतरलो आणि दोन वर्षांनी उरलेली अर्धी फेरी धावलो.

प्रत्येक टप्प्यापुढे सोडण्याचे ठिकाण, तेथून निघणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ, आणि कोणते लक्षण दिसले की तू थांबशील, अशा तीन रकान्यांचा कागद तयार कर. जूनमध्ये खिंडींत बर्फ असतो, म्हणून तारखा जुलैच्या मध्यानंतरच्या धर. येत्या रविवारी पहाटे पाचला मी रसाळगडाच्या पायथ्याशी थांबतो. तो कागद घेऊन ये, काठ्या मात्र घरी ठेव. चढताना आपण गप्पा मारू, आणि उतरताना मी तुझ्या मागे राहून तुझी टाच पाहणार आहे.

तुझा,
काका