वाचकांचे प्रश्न : हातात आलेला कागद नेमका कसला?

बसमध्ये चढताना एकाने माझा मोबाइल हिसकावून नेला. पोलीस ठाण्यात 'गहाळ म्हणून द्या, सिम लगेच मिळेल' असं सांगून शिक्क्याचा दाखला दिला. दोन महिने झाले. तपास चालू असेल का?

नाही. गहाळ दाखल्यावर गुन्ह्याचा तपास होत नाही. वस्तू हरवली, एवढीच त्यात नोंद असते. सिम बदलायला तो चालतो, सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हँडसेट बंद करायलाही चालतो. पण त्यावर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, नसतो, म्हणजे तपासी अंमलदार नसतो आणि न्यायालयात काहीच जात नाही.

ठाण्यातून तीन प्रकारचे कागद मिळू शकतात आणि लोक तिन्हींना सरसकट 'कंप्लेंट' म्हणतात. एक हा दाखला. दुसरा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तिसरा प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र गुन्हा आहे, तेव्हा तुम्हाला हा तिसरा कागद मिळायला हवा होता. साध्या चोरीत मात्र एक खोच आहे : वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल तर नवीन कायद्यात ती अदखलपात्र ठरू शकते. म्हणून खरेदीचं बिल सोबत न्या.

आता लेखी फिर्याद द्या. तारीख, वेळ, जागा, आयएमईआय क्रमांक (हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक; खोक्यावर किंवा बिलावर सापडतो) आणि 'हातातून हिसकावला' हे शब्द स्पष्ट लिहा. आधी गहाळ दाखला का घेतला, तेही एका वाक्यात सांगा. नाहीतर पुढे आरोपीचा वकील तोच कागद पुढे करील. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे 'चौकशी करून सांगतो' हे उत्तर दरवेळी टोलवाटोलवीच असतं असं नाही. परवानगी घेतली का, एवढं विचारा.

तरीही नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांना. पोचपावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं, आणि अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथेच अडतो. सगळ्यात जास्त अर्ज याच पायरीवर घसरतात असं आम्हाला वाटतं.

दोन महिन्यांत एक गोष्ट बहुधा हातची गेली असेल : सीसीटीव्हीचं चित्रण. जुन्यावर नवं चढत जातं आणि बऱ्याच ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं. अशी वेळ आली तर 'अमुक ठिकाणचं चित्रण जतन करावं' असा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

घटना प्रवासात दुसऱ्या जिल्ह्यात घडली. 'आमची हद्द नाही' म्हणतात.

हद्दीचं कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून हे कलम १७३ मध्येच लिहिलेलं आहे. ठाण्याने शून्य क्रमांकाने, म्हणजे 'झिरो एफआयआर' म्हणून, गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. फिर्याद ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांच्या आत सही करायला जावं लागतं, हे बरेच जण विसरतात. शून्य क्रमांकाच्या प्रतीवर थांबू नका. नव्या ठाण्याचा गु.र.नं. मागून घ्या, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच क्रमांकाने होतो.

एफआयआरच्या प्रतीचे पैसे मागितले. द्यायचे का?

नाही. फिर्यादीला आणि पीडिताला प्रत मोफत मिळते.

घरफोडीचा गुन्हा नोंदवला होता. आता न्यायालयाची नोटीस आली आहे, त्यात 'ए समरी' लिहिलं आहे. केस खोटी ठरली का?

नाही, घाबरू नका. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायालयाकडे तीनपैकी एका प्रकारची 'समरी', म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागतात. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा पुरला नाही. 'बी' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ही मंजूर झाली तर उलट फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. 'सी' म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद, किंवा मुळात दिवाणी वाद.

'ए' समरीनंतर धागा सापडला तर पुढील तपास होऊ शकतो. पण मंजुरीआधी न्यायालयाने तुमचं म्हणणं ऐकायचं असतं, नोटीस त्यासाठीच आहे. तारखेला जा, अहवालाची प्रत मागा आणि काय राहिलं ते पाहा : बोटांचे ठसे घेतले का, शेजाऱ्यांचे जबाब आहेत का, दागिन्यांचं वर्णन पंचनाम्यात उतरलं आहे का. उणीव दिसली तर प्रोटेस्ट अर्जात (अहवालावरच्या हरकतीच्या अर्जात) तीच मुद्देसूद मांडा. 'पोलिसांनी काहीच केलं नाही' एवढ्या एका वाक्यावर न्यायालय पुढील तपासाचा आदेश क्वचितच देतं.