सध्या तुम्ही कोणते व्हिडिओ गेम खेळत आहात आणि ते कसे वाटताहेत?

सध्या दोन गेम मनापासून चालू आहेत, तिसरा अधूनमधून खेळते आणि चौथा महिन्यापूर्वी अर्ध्यावर सोडला. तुम्ही ‘कसे वाटताहेत’ असं विचारलंय, म्हणून दहापैकी किती गुण वगैरे देत नाही. खेळताना डोक्यात काय चाललेलं असतं ते लिहिते. पहिले दोन्ही गेम रहस्याचे आहेत. त्यांची उकल इथे कुठेही सापडणार नाही, कारण हे गेम आयुष्यात एकदाच खेळता येतात आणि तुमची ती एक वेळ मला वाया घालवायची नाही.

पहिला आउटर वाइल्ड्स. २०१९ साली आलेला, मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओचा. त्याच वर्षी द आउटर वर्ल्ड्स नावाचा एक वेगळाच गेम आला, त्यात बंदुका आणि लढाया आहेत. त्यामुळे घेताना नाव दोनदा वाचा.

सुरुवात अशी होते. तुम्ही शेकोटीशेजारी जागे होता, वर तारे दिसतात. गावात आज तुमचं पहिलं उड्डाण आहे, म्हणून सगळे तुम्हाला भेटायला थांबलेत. यान म्हणजे लाकडी फळ्या आणि पत्रे ठोकून केलेलं खोपटं वाटावं असं. वेधशाळेतून उड्डाणाचा संकेतांक घ्यायचा आणि निघायचं. कुठे? ते कोणीच सांगत नाही. समोर एक छोटी सूर्यमाला आहे, तिच्यातले ग्रह खरोखर सूर्याभोवती फिरताहेत आणि सगळं पहिल्या मिनिटापासून मोकळं आहे. मग बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं, आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीशेजारी डोळे उघडता.

हे कळतं तेव्हा पहिली प्रतिक्रिया घाईची असते. माझीही तशीच होती. बावीस मिनिटांत जमेल तेवढं उरकायचं म्हणून मी या ग्रहावरून त्या ग्रहावर नुसती पळत होते. पाच-सहा फेऱ्यांनंतर लक्षात आलं की इथे उरकण्यासारखं काही नाहीच. बहुतेक गेममध्ये आपण खेळत गेलो की आपलं पात्र वाढतं: तलवार बदलते, ताकद वाढते, कालचं बंद दार आजच्या किल्लीने उघडतं. इथे पहिल्या दिवशी हातात जे असतं तेच शेवटपर्यंत असतं. यानही तेच आणि अंगावरचा पोशाखही तोच. पुढच्या फेरीत सोबत येतं ते फक्त आपल्याला समजलेलं, आणि यानातली एक नोंदवही, जी त्या समजलेल्याचा नकाशा काढून ठेवते. ज्याला सगळं ठाऊक आहे तो एका फेरीत शेवट गाठू शकतो. मला तीन आठवडे झालेत आणि मी अजून वाटेत आहे. मधे उभा आहे तो फक्त माझा अजाणपणा, आणि ही कल्पना मला विलक्षण आवडली आहे.

एक उदाहरण देते, कारण नुसत्या वर्णनातून हे पोचत नाही. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात. एकावर वाळूच वाळू आणि दुसरा खडकाळ, गुहा आणि भुयारांनी भरलेला. फेरी सुरू झाली की पहिल्यावरची वाळू एका प्रचंड धारेने दुसऱ्यावर पडू लागते, वाळूच्या घड्याळासारखी. एका ग्रहावरच्या गुहा हळूहळू बुजत जातात आणि दुसऱ्यावर वाळूखालचं बांधकाम उघडं पडत जातं. म्हणजे तिथे एकही दार कुलूपबंद नाही, आपण पोचतो ती वेळ चुकलेली असते. एकदा मी एका गुहेत भिंतीवरचा मजकूर वाचण्यात इतकी गुंतले की पायाखालची वाळू छतापर्यंत आली आणि मी तिथेच चिरडले गेले. राग आला नाही. शेकोटीशेजारी जागी झाल्याबरोबर पहिला विचार होता की आता यान कुठे उतरवायचं आणि किती मिनिटांत कुठल्या वळणावर असायचं हे मला माहीत आहे.

तो मजकूर नोमाई नावाच्या एका जमातीचा आहे. ते फार पूर्वी इथे आले आणि नाहीसे झाले. त्यांचं लिखाण भिंतीवर वेलीसारखं वळत जातं. एकाने काही लिहिलं की त्याला फांदी फुटून दुसऱ्याचं उत्तर येतं, त्यातून तिसऱ्याची शंका. वाचताना समोर कोरडा इतिहास येत नाही, माणसं बोलताहेत असं वाटतं. कोणी कोणाला चिडवतं, कोणी प्रयोग फसल्यामुळे खट्टू आहे, कोणी लहान मुलांच्या खेळाबद्दल लिहून ठेवलंय. त्यांच्यापैकी कोणीही आता नाही हे ठाऊक असूनही काही जणांची नावं दिसली की मला बरं वाटतं.

उडवणं सुरुवातीला जड जातं, हे सांगायलाच हवं. अवकाशात ब्रेक नाही. जेवढा वेग घेतला तेवढा उलट दिशेने जोर लावून मोडावा लागतो, नाहीतर यान ग्रहावर आपटतं. समोरच्या वस्तूच्या वेगाशी आपला वेग जुळवून देणारं एक बटण आहे. ते मला दुसऱ्या दिवशी सापडलं, तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत शोधा. एकदा हात बसला की कोसळत्या कड्याशेजारी अलगद यान टेकवण्यात जो आनंद आहे तो कुठल्याही बक्षिसात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी रोज पाच मिनिटं काही न करता घालवते. यानात ध्वनी पकडणारी एक दुर्बीण आहे. तुमच्याआधी निघालेले प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर आपापलं वाद्य वाजवत बसलेत: कोणाकडे बँजो, कोणाकडे बासरी, कोणाकडे ढोल, एक जण नुसती शीळ घालतो. एकेकाकडे दुर्बीण वळवली की तो एकटा ऐकू येतो. पण पुरेसं लांब गेलं आणि सगळे ग्रह एका रोखात आले की कळतं, हे सगळे एकच धून वाजवताहेत. एकमेकांपासून इतके दूर, तरी एका तालात. पहिल्यांदा ते कानावर आलं तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. संगीत अँड्र्यू प्रालो यांचं आहे. फेरीचा शेवट जवळ आला की एक वेगळी, संथ चाल सुरू होते. आधी ती ऐकली की मी धावत सुटायचे. आता जिथे असेन तिथे उभी राहते आणि सूर्याकडे तोंड करते.

हा गेम अ‍ॅलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रकल्पातून वाढत गेला आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. मला खटकतं ते एवढंच की एखाद्या दूरच्या जागी शेवटच्या क्षणी चूक झाली तर तोच प्रवास पुन्हा सगळा करावा लागतो. थकलेल्या संध्याकाळी तो नकोसा होतो. अशा दिवशी मी तो लावतच नाही.

त्या दिवसांसाठी दुसरा गेम आहे, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. २०१८ चा, लुकास पोप या एकाच माणसाने कल्पना, चित्रं, प्रोग्रामिंग आणि संगीत असं जवळजवळ सगळं स्वतः केलेला. हा मी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीबरोबर खेळते आहे. कंट्रोलर माझ्याकडे, वही तिच्याकडे.

गोष्ट १८०७ सालची. पाच वर्षांपूर्वी लंडनहून पूर्वेकडे निघालेलं ओब्रा डिन हे व्यापारी जहाज बुडालं असंच सगळे धरून चालले होते. ते एके दिवशी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात येऊन लागतं, आणि डेकवर चिटपाखरू नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. जहाजावर साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि मारलं असेल तर कोणी, हे नोंदवायचं. जवळ असतं एक खिशातलं घड्याळ. एखाद्या मृताजवळ ते उघडलं की आधी काळ्या पडद्यावर काही क्षण नुसता आवाज येतो: पावलं, ओरडा, एखादं अर्धवट वाक्य. मग त्या मृत्यूचा क्षण समोर गोठून उभा राहतो आणि त्यात आपण चालत फिरू शकतो. चित्रं फक्त दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखी.

गंमत त्या गोठलेल्या क्षणाच्या कडेला आहे. मरणारा माणूस मधे असतो, पण मागे दोरखंडाशी कोण उभं आहे, कोण कोणाच्या शेजारी बसतं, कोणाच्या बोटात अंगठी आहे, कोण कुठल्या भाषेत बोलतो, हे सगळं पुढे उपयोगी पडतं. जवळ सगळ्यांची एक यादी असते, तिच्यात नाव, हुद्दा आणि देश: इंग्लंड, आयर्लंड, रशिया, चीन, फॉर्मोसा (म्हणजे आजचं तैवान), भारतसुद्धा. आणि सगळ्यांची चेहरेपट्टी दाखवणारी रेखाटनं. नाव आणि चेहरा यांची गाठ घालायचं काम आपलं.

अंदाजपंचे मारून चालत नाही, कारण गेम एकेक उत्तर तपासून देत नाही. तीन जणांचं सगळं बरोबर भरलं तरच ते पक्कं होतं. त्या तिघांपैकी एक जण आपल्याला खात्रीने ठाऊक असतो, दुसऱ्याबद्दल बरीच खात्री असते आणि तिसऱ्यावरून आमच्या घरात वाद होतो. मुलीचं म्हणणं, आधी पुरावा दाखव. मी चेहऱ्यावरून ‘हा असाच वाटतो’ म्हणणारी. अकरा वेळा ती बरोबर निघाली आहे, तिने वहीत रेघा मारून ठेवल्यात. एका माणसाला आम्ही चार दिवस अधिकारी समजत होतो. पाचव्या दिवशी तिने एका जुन्या दृश्यात परत जाऊन फक्त त्याचे कपडे पाहायला लावले, आणि तो निघाला दुसराच. त्याबरोबर आमच्या तीन नोंदी कोसळल्या आणि दोन नव्या जुळल्या. त्या रात्री ती झोपायला गेली, तरी दारातून परत येऊन आणखी एक नाव सांगून गेली.

यात रक्तपात आहे आणि तो स्पष्ट दिसतो, लहान मुलांना घेऊन बसू नका. मोठ्या दुर्घटनांच्या दृश्यांत काही वेळा दृश्यातून दृश्यात सलग ढकललं जातं आणि नीट पाहायला नंतर परत यावं लागतं. तेवढा भाग मला आवडला नाही. पण साठापैकी एक्कावन्न जण झालेत, आणि पहिल्या दिवशी जे नुसते आकार होते ते आता ओळखीचे झालेत. डेकवरून चालताना मला ठाऊक असतं की इथे कोण पडलं आणि त्याला वाचवायला कोण धावलं होतं. ते मला कोणी सांगितलेलं नाही, आम्ही ते जुळवून काढलंय.

तिसरा सेलेस्ट, २०१८ चाच. डोंगर चढणाऱ्या मॅडलिनचा, निव्वळ उड्यांचा गेम. वर जे समजेबद्दल लिहिलं ते इथे बोटांना लागू आहे. मॅडलिन पहिल्या टप्प्यापासून जवळजवळ तशीच राहते, सुधारतात आपले हात. एकेका पडद्यावर साठ-सत्तर वेळा मरते मी, पण क्षणात पुन्हा उभं करतात आणि टप्प्याच्या शेवटी किती वेळा मेलात तो आकडा दाखवतात. त्याची लाज वाटू देऊ नका, तेवढं शिकलात, अशा अर्थाचं एक पत्रही गेममध्ये येतं. आतली रचनाही खेळणाऱ्याच्या बाजूची आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही अगदी क्षणभर उडी घेता येते, त्यामुळे ‘मी तर दाबलं होतं!’ अशी चिडचिड होत नाही. कोणाला जड गेलाच तर वेग कमी करण्याची, अगदी न मरण्याचीही सोय ठेवली आहे, आणि ती वापरली म्हणून गेम कुठे हिणवत नाही. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. त्यापुढे अंगठा दुखतो.

सोडलेल्या चौथ्याबद्दल फार लिहीत नाही. मोठा, देखणा, मोकळ्या जगाचा गेम होता, पण नकाशा उघडला की शेकडो खुणा आणि प्रत्येक खुणेपाशी काय करायचं ते आधीच लिहिलेलं. चाळीस तासांनी माझं पात्र बलाढ्य झालं होतं आणि मला त्या जगातल्या एकाही माणसाचं नाव आठवत नव्हतं.

तर सध्या असं आहे. ओब्रा डिनमधली उरलेली नऊ माणसं मुलीची परीक्षा संपेपर्यंत तशीच थांबतील, तिला न घेता ते घड्याळ उघडायचं नाही असं ठरलंय. आउटर वाइल्ड्सच्या नोंदवहीत आता एकाच जागेसमोर ‘इथे अजून पाहायचं आहे’ असं लिहिलेलं दिसतं. तिथे दाट धुकं आहे, आणि त्या धुक्यात काय राहतं ते मला कळलंय. गेल्या दोन रात्री मी यान त्याच्या तोंडाशी नेलं, इंजिन बंद केलं, हार्मोनिकाचा अगदी बारीक आवाज ऐकला आणि परत फिरले. आज आत जाणार आहे.