धावताना नडगी दुखते, पण एक्स-रे नॉर्मल आला. तरीही फ्रॅक्चर असू शकतं का? परत धावायला कधी लागू?

असू शकतं. सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड भरून यायला लागलं की मगच ती जागा उठून दिसते. एमआरआयमध्ये मात्र ती सुरुवातीलाच कळते. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे, बिनधास्त धाव' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

मला हेच सांगितलं गेलं होतं. मॅरेथॉन तोंडावर आलेली आणि आमच्या ग्रुपच्या कोचचं म्हणणं, "शिन स्प्लिंट्स आहेत, सगळ्यांनाच होतात. बर्फ लाव, गोळी घे, रविवारची लाँग रन चुकवू नकोस." मी चुकवली. कारण शिन स्प्लिंट्सचं, म्हणजे हाडाला चीर नसताना नडगी दुखते त्याचं, दुखणं नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं असतं आणि अंग गरम झालं की बऱ्याचदा कमी होतं. माझं नेमकं उलट चाललं होतं. दुखणं रोज थोडं आधी सुरू व्हायचं, मग जिना उतरतानाही जाणवायला लागलं, मग रात्री पडल्या पडल्या ठणकायला लागलं. अंगठ्याने नडगीची कड वरून खाली चाचपत आले तर बाकी कुठेच काही नाही, आणि बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबलं की डोळ्यांत पाणी. त्या पायावर एक उडी मारली तरी तिथेच कळ. एमआरआय करा म्हणून मीच हट्ट धरला. चीर निघाली.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?" येत नव्हती, कित्येक महिने. वजन उतरलं म्हणून ज्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. ह्याचा राग मला आजही येतो. धावणं वाढवायचं आणि जेवण तेवढंच ठेवायचं, किंवा कमी करायचं, की शरीर इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं जपणारं हार्मोन, कमी करतं आणि हाड झिजायला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या प्रकाराला 'रेड-एस' असं नावही दिलं, आणि तो पुरुषांनाही होतो. पाळी थांबणं म्हणजे 'बॉडी रेस-रेडी झाली' असं अजूनही काही ग्रुपमध्ये बोललं जातं. ते साफ चूक आहे आणि धोक्याचं आहे. तुम्ही मुलगी आहात की मुलगा हे प्रश्नात नाही, पण दोघांनीही पोटभर जेवा आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या.

आता परत कधी धावायचं. नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूची चीर साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते, जास्त खोल असेल तर १२ किंवा त्याहूनही जास्त लागतात. तारखेपेक्षा पाय बघा: दाबून दुखत नाही, अर्धा तास भरभर चालून काही होत नाही, मग एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, तेही एक दिवसाआड. तोवर सायकल किंवा पाण्यातलं धावणं चालतं, दुखलं नाही तर. पेनकिलर घेऊन धावू नका. दुखणं दबतं, चीर वाढत राहते. आणि जुना स्पीड लगेच गाठायला जाऊ नका. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवीन भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात, भरायला महिने.

हे सगळं नडगीच्या आतल्या बाजूच्या चिरेपुरतं. नडगीच्या पुढच्या कडेवर किंवा पावलाच्या वरच्या मध्यभागी दुखत असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथली हाडं सहज भरत नाहीत. आमचे कोच आजही म्हणतात की विश्रांतीने फॉर्म जातो. जातो, मान्य. पण गेलेला फॉर्म परत येतो. खुब्याच्या हाडाची चीर पुरती तुटली तर ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागतात. ही चीर जांघेत दुखते, म्हणून दुखणं तिथे असेल तर कुणा कोचला विचारत बसू नका, त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.