‘उदार’च्या एका खणात सगळे कोंबू नकोस

स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करत असलेली ती इंग्रजी समानार्थी शब्दांची यादी जरा बाजूला ठेव. जेनरस, लिबरल, म्युनिफिसंट सगळ्यांपुढे ‘उदार’ लिहिलेलं असतं, आणि रिकाम्या जागा भरताना तिथेच गुण जातात. मूळ बघत जा.

जेनरस आला लॅटिन ‘जेनुस’वरून, म्हणजे कूळ. आधी अर्थ होता नुसता ‘खानदानी’. सढळ हाताचा हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. लिबरलमध्ये ‘लीबेर’, म्हणजे गुलाम नसलेला. (औदार्याचे हे दोन्ही शब्द वरच्यांच्याच घरचे, हे मला खटकतं.) म्युनिफिसंटमधला ‘मूनुस’ मात्र मजेदार: कर्तव्यही तोच, देणगीही तोच. आपल्या नाशिक महापालिकेच्या ‘म्युनिसिपल’मध्येही तोच दडलाय. हा शब्द भल्यामोठ्या देणगीसाठी राखून ठेव, कॉलेज रोडवर चहा पाजणाऱ्या मित्राला लावू नकोस. मॅग्नॅनिमसला पैसा लागतच नाही. अपमान पोटात घालणारा, मोठ्या मनाचा तो.

अल्ट्रुइझम म्हणजे परोपकारवृत्ती. शब्द एकोणिसाव्या शतकातला, फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंतने घडवलेला. डोनेट विसरणारच नाहीस: लॅटिन ‘दोनुम’ आणि आपलं ‘दान’ एकाच धातुकुळातले. आम्झ म्हणजे भिक्षा. त्याच्या शेवटच्या ‘एस’ला भुलू नकोस, तो मुळात अनेकवचनाचा नाही. दया या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून झिजत आलेल्या लांबलचक रूपाचा तो उरलेला तुकडा आहे.

जाडा कोश लगेच विकत घेऊ नकोस. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे आधी विचार.