इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवायला रिराइट वापरू की रिटर्न? ३०१च टाकतोय, एसईओला (गूगलच्या शोधात वर दिसायला) बरं असतं ना?

रिराइट की रिटर्न हा वादच नाही. अख्खा पत्ता दुसरीकडे पाठवायचाय तर रिटर्न लिहा आणि मोकळे व्हा. रिराइट लागतो तो पाथ आतल्या आत बदलायचा असतो तेव्हा. मला बोलायचंय ते तुमच्या '३०१च टाकतोय' वर. ३०१ म्हणजे ब्राउझरला 'पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारा कोड, ३०२ म्हणजे 'तात्पुरता बदलला'.

पहिल्या नोकरीत एका मिठाईवाल्याची साइट आमच्याकडे होती. दिवाळीपुरतं होमपेजवरून थेट फराळाच्या पानावर न्यायचं ठरलं. मी ३०२ लिहिला. सिनियर म्हणाले, "३०१ कर, गूगलला आवडतं." केला. तुळशीच्या लग्नानंतर ती ओळ काढली, सर्व्हर रीलोड केला, इन्कॉग्निटोत बघितलं, सगळं छान. चार दिवसांनी मालकांचा फोन. "अहो, गिऱ्हाइकं विचारतायत, चकल्या अजून मिळतील का?"

३०१ ब्राउझर स्वतःकडे जपून ठेवतो. मुदत दिलेली नसेल, तर पुढच्या वेळी सर्व्हरला विचारायलाही येत नाही. मग सर्व्हरवर तुम्ही काहीही दुरुस्त करा, ब्राउझरला त्याची खबरच नसते. घाबरून मी फराळाच्या पानावरून होमपेजकडे ३०२ लावला, तर लोकांच्या फोनवर 'टू मेनी रिडायरेक्ट्स'. होम म्हणतंय फराळाकडे जा, फराळ म्हणतोय होमकडे जा. शेवटी होमच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि एक फालतू पॅरामीटर चिकटवून तिकडे पाठवलं. ब्राउझरच्या लेखी तो वेगळा पत्ता, म्हणून सुटलो. मीटिंगमध्ये मात्र एकच प्रश्न आला : "कॉन्फिग कुणी लिहिली होती?"

तेव्हा आधी ३०२ टाका. ब्राउझरवर विसंबू नका, कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचं हेडर बघा. आठवडाभर लॉगमध्ये सगळं नीट दिसलं, की मग ३०१. तोही कॅशेची, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवण्याची, छोटी मुदत घालून.

डोमेनच कायमचं बदललं असेल तर अर्थात ३०१च बरोबर, माझा राग तिथे लागू नाही. आणि हो, फॉर्म पोस्ट होतो असा पत्ता त्यात असेल तर ३०७ (तात्पुरता) किंवा ३०८ (कायमचा) घ्या. ३०१-३०२ वर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतो आणि भरलेली माहिती वाटेतच गळते.

आणि ३०१ करायला सांगणारे सिनियर सर, तुम्ही इथे वाचत असाल तर, तात्पुरत्या बदलाला ३०२ वापरा असं गूगल स्वतःच सांगतं.